जपानी मंगलाष्टकाचा खुलासा

चि. अर्पितास,

तीर्थपुरीहून वसंतामामाचे भरभरून आशीर्वाद. पुण्यात उपाशी ऑफिसला जाऊ नकोस. इकडे मामी, म्हैस आणि सोयाबीन खुशाल आहेत. माझी प्रकृतीही ठीक, अब्रू तेवढी जरा नरम आहे.

त्याला कारण तू. दिवाळीत तू मला जपानी कवितांचं पुस्तक दिलंस (मराठीतलं, माझं जपानी अजून कच्चं आहे). तीन ओळी झाल्या की कविता संपली, उरलेलं वाचणाऱ्यानं गप्प बसून समजून घ्यायचं! मी थक्क झालो. तालुक्यातल्या लग्नांत मंगलाष्टकं रचून गाणारा मी, पण त्यांत वराच्या आत्यापासून साखर कारखान्यातल्या चुलत्यापर्यंत सगळ्यांची नावं कोंबावी लागतात. ती कविता नव्हे, हजेरी. म्हणून शेजारच्या धुळाजींच्या रेणुकाच्या लग्नात मी जपानी पद्धत धरली.

अंतरपाटाच्या दोन्ही बाजूंना दोघं उभी, लोकांच्या मुठीत अक्षता. मी माईकवर दोन ओळी गायल्या आणि तिसरीआधी मौन घेतलं. (जपानात त्याला फार किंमत आहे, मांडवात नाही.) लोकांना वाटलं, संपलं. अक्षता पडल्या, पप्पू बँडवाल्यानं दणका उडवला, गुरुजींनी गडबडीत अंतरपाट सोडला आणि रेणुकानं हार घालूनही टाकला. मुहूर्ताला अजून अवकाश होता! मग हार काढून सगळं पुन्हा केलं. लोकांनी अक्षता सतरंजीवरून वेचल्या. वराची आत्या आसराबाई तर जेवायलाच बसेना. "समद्यांच्या लग्नात आत्याचं नाव घेतेत. मंग मी काय मरून गेल्ते का?" मी तिला समजावलं की, आत्याबाई, तुम्ही न सांगितलेल्या भागात आहात. तेव्हापासून ती माझ्याकडे बघत नाही.

असो. पत्राला खास कारण नाही, सहज लिहिलं.

तुझा,
वसंतामामा

ता. क. : तुझ्या लग्नात मंगलाष्टकं म्हणायला तुझ्या आईनं अंबडचा माणूस ठरवलाय म्हणे. माझी सख्खी बहीण! मला म्हणाली, "वसंता, तू पोरीच्या मागं उभा राह्य, तोंड बिलकुल उघडू नको." अगं, तू पाळण्यात होतीस तेव्हापासून मी हे मनात धरून बसलोय. आईला तेवढं समजाव. सगळ्यांची नावं घेईन, आत्याचं दोनदा घेईन.

आणखी एक ता. क. : नावं घालायला बसलो होतो, पण एवढंच झालं :

अंतरपाट सरला.
पोर एक पाऊल पुढे.
मामा तिथेच.

मामीला गाऊन दाखवायला गेलो, तर तिसऱ्या ओळीला आवाजच फुटेना. तेव्हा आईला काही बोलू नकोस, म्हणू दे त्या अंबडच्या माणसाला. मला रडताना हातात माईक नको.