तीन हार

आई, परवा नाशिकरोडला तुझ्या प्रसूतिगृहात गेलो होतो. तिथं आता सफाईचं कंत्राट माझं, माझी माणसं फरशी पुसतात. गच्चीवरून एकलहऱ्याच्या वीजकेंद्राच्या चिमण्या अजून दिसतात, आणि जिनाही तोच आहे.

पहिल्यांदा दवाखाना सरकारी होता आणि तिथं झाडलोट करणारी तूही सरकारीच. हिरव्या काठाची पांढरी साडी. "आज आपल्याकडं जुळी झाली," असं तू चुलीपाशी सांगायचीस, जणू पाळणे तुझेच. मग साफसफाई कंपनीकडं गेली, साडीवर निळा कोट आला. सुपरवायझर म्हणाला, "मावशी, आता तुम्ही दवाखान्याच्या नाही, कंपनीच्या." तू हसत घरी आलीस, "मेल्याला वाटतं, कोट बदलला की बाई बदलती." पुढं सरकारनं दवाखाना एका संस्थेला चालवायला दिला, सफाई कंपनीकडंच राहिली. तुला 'ताई' म्हणू लागले; दर सोमवारी प्रार्थना, "आपण सगळे एकच परिवार."

त्या सकाळी तू ओल्या जिन्यावरून पडलीस. मी पोचलो तर तू बाकावर पडलेली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, डोक्याला मार आहे, लगेच मोठ्या हॉस्पिटलात हलवा. दवाखान्याची गाडी दारातच उभी होती. सही कुणाची, एवढंच अडलं होतं. सरकारी साहेब म्हणाले, "बाई कंपनीची आहे." कंपनीचा माणूस फोनवर, "जिना संस्थेचा ना? त्यांना सांगा." संस्थेच्या मॅडम डोळे पुसत होत्या, "ताई आमच्या घरच्याच हो, पण कामाला कंपनीच्या." मी ओरडायला लागलो, तेव्हा डोळे न उघडता तू म्हणालीस, "आरडू नको रे, आत बाळं झोपलीत." शेवटी मी रिक्षा आणली. बिटको चौकात तुझा हात माझ्या हातात जड झाला.

स्मशानात मात्र तिघांचे हार आले, ज्याच्या त्याच्या नावाची पट्टी लावून. शेजारची काकू पुटपुटली, "आता सगळ्यांचीच झाली बया." मी पट्ट्या तोडल्या. तू जपून ठेवलेली हिरव्या काठाची साडी तुझ्या अंगावर होती.

परवा त्याच जिन्यावर माझी एक बाई पोछा मारत होती, पाठीवर माझ्या फर्मचं नाव. एका पेशंटच्या सासूनं विचारलं, "कुठल्या गं तुम्ही?" माझे कान तिखट, वरच्या पायरीवर ऐकू आलं. "इथलीच की, आपल्या दवाखान्यातली." अगदी तुझाच सूर. मी तिच्या बाजूनं खाली उतरलो.

हे पत्र कुठं टाकणार, कपाटातच राहील, म्हणून सांगतो. त्या बाईचं ऐकून बरं वाटायला हवं होतं. पण तिनं माझं नाव घेतलं नाही, हे मला लागलं, आई.