पुलाखालचं माहेर

घनसावंगी
मंगळवार, १८ नोव्हेंबर

चि. आकांक्षा हिस आईचे अनेक आशीर्वाद.

आम्ही इकडे खुशाल आहोत असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलं. तू खुशाल आहेस ना? पाय सुजतात का अजून? तुम्ही खोली बदललीत, नवा पत्ता मला माहीत नाही, म्हणून पत्र तुझ्या कल्याणरावांच्या कारखान्यावर पाठवते आहे. तुझा फोन रोज लावते. बंद आहे असं सांगणाऱ्या त्या बाईच्या तोंडात मारावंसं वाटतं.

कापसाची पहिली वेचणी झाली. पांढरी गाय व्याली, कालवड झाली.

जालन्याचा पूल पाडायला घेतला ते तू पाहिलंसच. जुना झाला होता, खाली उभं राहिलं की डोक्यावर सिमेंटचे पोपडे पडायचे. आता म्हणे वरचा हायवे काढून खाली सरळ रस्ता करणार, मधोमध सिटी बस, कडेला झाडं. लोक खूश आहेत. होईलही चांगलं, मी कशाला नाही म्हणू? पण माझ्या लेकीचं माहेर त्या पुलाखाली होतं, हे कुणाच्या नकाशात नव्हतं.

तू तुझ्या पसंतीनं लग्न केलंस तेव्हा बाबा म्हणाले होते, "तिनं पुलाच्या अलीकडं पाऊल टाकायचं न्हाई." ठीक आहे म्हटलं, पुलाखाली तर टाकेल! दिवाळीची साडी तुला तिथेच दिली, संक्रांतीचं वाण तिथेच. खांबाला टेकून आपण भाकरी खायचो आणि जीपवाले हसायचे. हसेनात का.

म्हणून सातव्या महिन्याची ओटी आणि हिरवा चुडाही तिथेच ठरवला. आणि त्या सोमवारी आई आलीच नाही, असं तू धरून बसली आहेस. आकांक्षा, मी आले होते गं! देवाशप्पथ आले होते.

जीप आता पुलाखाली जात नाही, अलीकडेच उतरवतात. समोर रस्त्याच्या मधोमध हा उंच पत्रा, पार टोकापर्यंत. मला वाटलं, तूही याच बाजूला येशील. पत्र्याला पाठ लावून उभी राहिले. पाडायच्या मशीनचा एवढा आवाज, की शेजारचा माणूस बोललेलं कळेना. फोन घरी चार्जिंगला राहिला होता. ऊन उतरेपर्यंत थांबले. घरी येऊन बघते तर तुझे कॉलच कॉल. लगेच लावला, तोवर तू बंद केला होतास.

काल परत गेले. पत्र्याला वळसा घालून पलीकडे पोचले, तर आपली बांगडीवाली महजबीन तिथे. तिला तिकडे हलवलंय. मला पाहून भडकलीच. "अवो, इथंच बसल्ती ना तुमची पोरगी, पत्र्याला टेकून! बिलकुल हालली न्हाई. मी म्हन्लं, ये, चुडा भरते. तर म्हन्ली, आई आल्यावरच भरीन. मंग रडत गेली."

एकाच पत्र्याला टेकलो होतो आपण दोघी. 

आता खरं लिहिते. त्या दिवशी मी एकटी नव्हते. निघताना तुझे बाबा इस्त्रीचा सदरा घालून जीपपाशी येऊन उभे. "मी बी येतो. पहिलं बाळंतपण हाय. घरीच आणू तिला." मी तशीच जीपमध्ये चढले, फोनची कसली शुद्ध राहते! रस्ताभर ओटीचा नारळ त्यांनीच मांडीवर धरला होता. दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. तू दिसेनास तेव्हा एवढंच बोलले, "न्हाई येत ती. बराबर हाय तिचं." महजबीनचं बोलणं काल घरी येऊन सांगितलं, तर भिंतीकडे तोंड करून बसले. खांदे हलत होते. त्यांना असं मी कधी पाहिलं नव्हतं.

त्यांचं नाव वाचूनच तू पत्र फाडशील, या भीतीनं इतका वेळ लिहिलं नाही.

बाळ, तुला आता आठवा लागेल. तिथे तुझ्याजवळ बाईमाणूस नाही. मी कुठे येऊ, कुणाच्या दारात उभी राहू, काही सुचत नाही. आता पुलाखाली येऊ नकोस, तिथे आपलं काही उरलं नाही. सरळ घनसावंगीची जीप धर आणि घरी ये. राग असू दे. बोलू नकोस माझ्याशी. पण ये.

कल्याणराव, हे पत्र आधी तुमच्या हातात पडेल. तुम्हाला आजवर या घरात कुणी जावई म्हटलं नाही. तरी हात जोडते, तिनं नको म्हटलं तरी हे तिला वाचून दाखवा. आणि तिला घेऊन तुम्हीही या.

बाबा दारात उभे आहेत. पत्र टाकायला तेच निघालेत. पाकीट बंद करायच्या आधी म्हणाले, "नारळ तसाच ठिवलाय म्हणून लिही."

तुझी,
त्या दिवशी आलेली,
आई