आधी गुडघा, मग खांदा

दि. ९ ऑक्टोबर

चि. धाकट्यास अनेक आशीर्वाद.

मठाच्या प्रमुखांना असं लिहू नये म्हणतात. पण तुझा शेंबूड पुसलेली बहीण दुसरं काय लिहिणार? इकडे सगळं ठीक. आईही बरी आहे.

तुझं पत्र पोचलं. माझ्या पुस्तकातलं चौथं प्रकरण काढलं नाही, तर मठातल्या तपस्विनीच्या पोथीची पानं छापायला परवानगी नाही. कळलं.

आता माझं ऐक. त्या तपस्विनीचं पद तुम्ही मंडळी सहाशे वर्षं रूपक म्हणून शिकवता: 'आधी गुडघा दुमडावा, मग खांद्याखाली हात घालावा, मग तो आपणहून माझ्याकडे वळतो.' गुडघा म्हणजे अहंकार, खांदा म्हणजे प्रपंचाचा भार, 'तो' म्हणजे देव. मीही तेच घोकलं. जुनी लिपी घरच्या घरी गिरवलेल्या बाईला तुमच्याच टीकाग्रंथाचा आधार.

आई अंथरुणाला खिळली तेव्हा कूस बदलायला मी तिला नुसती ओढायचे. ती करवादायची, "मला गादी समजलीस का गं?" एका सकाळी ते पद गुणगुणत होते आणि हात तसेच गेले. आई अलगद वळली. म्हणाली, "आत्ता कुठे जमलं बाईला!"

धाकट्या, ती तपस्विनी कुणाची तरी कूस बदलत होती रे. पुढच्या पदातलं पाठीवर उमललेलं लाल फूल म्हणजे अंथरुणाची जखम. आईची तशीच जखम मी रोज धुते. हातच्या काकणाला आरसा कशाला? तपस्विनीचा देव कोण हिरावतंय? तो तिला कुठे भेटला, तेवढंच मी लिहिलंय.

प्रकरण राहणार. पोथीच्या पानांच्या छायाचित्रांवाचून पुस्तक निघेल, त्याचं काही अडत नाही.

आई बरी आहे, हे मी रीत म्हणून लिहिलं. तिने परवापासून खाणं सोडलंय. नर्सबाई हळूच म्हणाल्या, "ज्यांना बोलवायचं त्यांना बोलवा." दीक्षा घेतलेल्याने घरचा उंबरा ओलांडू नये, हा तुमचा नियम मला पाठ आहे. तरी बोलावतेय. उपदेशाला नको येऊस. माझं मनगट गेलंय आणि तिला वळवायला दुसरं माणूस हवं.

शनिवारी मजकूर छापायला जाईल. त्याआधी आलास, तर प्रकरणात एक बदल जरूर करीन: 'हे मी अनुभवलं' खोडून 'आम्ही भावंडांनी अनुभवलं' असं लिहीन.

अजून तरी आईच्या उशाशी बसलेली,
तुझी ताई