संथ शर्यत आणि माझा उजवा बूट

श्रीवर्धन,
सोमवार, ता. १९ नोव्हेंबर १९३४

रविवार, दिनांक १८ नोव्हेंबर १९३४ रोजी सायंकाळी पाच वाजून दहा मिनिटांनी तुमच्या चिरंजीवांमुळे माझ्या उजव्या पायातला बूट समुद्रात गेला. ही वेळ मी टिपून ठेवली आहे, तुम्हीही ठेवा.

आता रीतीप्रमाणे. तीर्थस्वरूप रामचंद्रदादांस धाकटी बहीण नीरा हिचा शिरसाष्टांग नमस्कार. थंडीत तुमचा दमा कसा आहे? वहिनींना गुडघ्याला तेल लावायला सांगा, नुसते शेजारणींना दाखवून तो बरा होणार नाही. त्यांनी पाठवलेल्या मोरावळ्याची बरणी पोचली. मोरावळा पोचला नाही. (बोटीवरच्या खलाशांची प्रकृती उत्तम असावी.)

गणपतीत तुम्ही कळवलेत की बाळाजीसाठी तुमच्या मुंबईच्या कचेरीत एक खुर्ची रिकामी झाली आहे, डिसेंबर लागला की ती दुसऱ्याला जाईल, तेव्हा नीरे, पोराला समजावून बोटीत बसव. पोर एकतीस वर्षांचे आहे. गुडघा गेला म्हणून त्याच्या शर्यती सुटल्या, पण सायकल सुटली नाही, आणि गेल्या वर्षापासून माझ्या पडवीत त्याने सायकलींचे दुकान मांडले आहे. दुरुस्ती करायची, भाड्याने द्यायच्या, शिकवायच्या, आणि इथल्या तरुणांना मुंबईच्या शर्यतींसाठी तयार करायचे, असा बेत. (त्याला पहिली सायकल कोणी घेऊन दिली हे मी लिहीत नाही. घेऊन देणाऱ्याला आठवत असेल.) आणि भागीदार कोण घ्यावा? उरणच्या मिठागरवाल्यांचा दयाराम, ज्याने त्याला प्रत्येक शर्यतीत चाकभर अंतराने हरवले, तोच. त्याचेही शर्यतीचे वय सरले आहे. मी बाळाजीला विचारले, दुसरा कोणी मिळाला नाही का रे? तर म्हणाला, आत्याबाई, ज्याची पाठ इतकी वर्षं बघितली त्याच्यावरच भरवसा बसतो.

दुकान चांगले, माणसे चांगली, गिऱ्हाईक मात्र नाही. त्याला कारण हेच दोघे. दुरुस्त झालेल्या सायकली घरोघर पोचवायला निघाले की पहिल्या वळणापर्यंत हे सभ्य गृहस्थ असतात. मग एकाचे चाक बोटभर पुढे जाते, दुसऱ्याच्या अंगात येते, आणि दोघे वाळत घातलेल्या सुपारीतून, कोंबड्यांतून, आणि एकदा तर वाजंत्र्यांसकट निघालेल्या वरातीतून पार होतात. त्यामुळे गावाचा समज झाला की सायकल एक तर उधळते नाहीतर पाडते, हळू चालणे तिला ठाऊकच नाही. (विहिरीवर मीही असेच बोलत असे. आता आठवते तशी सुरुवात बहुधा माझ्यापासूनच झाली.)

म्हणून मी तोड काढली. समुद्रावर, ओहोटीच्या घट्ट वाळूत, संथ शर्यत लावायची. जो मागून पोचेल तो जिंकला, ज्याचा पाय जमिनीला लागला तो बाद. बाळाजी जिंकला तर दुकान राहील आणि तुमची समजूत मी घालीन. दयाराम जिंकला तर बाळाजी मंगळवारच्या बोटीने तुमच्या त्या खुर्चीवर. बाळाजीने मान डोलावली. दयारामाला त्याने उभ्या जन्मात हरवलेले नाही, तेव्हा तुमचे काम झाले असेच मी धरून चालले. (दयारामाने मुद्दाम हरायचे असे दोघांनी आत ठरवले होते. पडवीची भिंत कुडाची आहे, आणि माझे कान अजून पेन्शनीत निघालेले नाहीत.) पंच मी. माझी खुर्ची शेवटच्या रेघेवर, आणि मी कॉन्व्हेंटात मुलींना शिकवले होते तशी ताठ, हात मांडीवर.

सगळा गाव लोटला होता. दोघे निघाले आणि गोगलगाईलाही कंटाळा यावा अशा चालीने रेघेच्या हातभर अलीकडे येऊन थांबले. थांबले ते थांबलेच. दादा, एक गोष्ट मला कोणी सांगितली नव्हती. शर्यतीत मुरलेल्या माणसाला सायकल जागच्या जागी उभी धरता येते. पुढचे चाक तिरके करायचे, जरा पुढे, जरा मागे, आणि पाय खाली न टेकता हवा तितका वेळ बसून राहायचे. दयारामाने हरायचे कबूल केले असेल, पण शेजारी बाळाजीचे चाक दिसले आणि तो ते साफ विसरला. हरण्याची त्याच्या अंगाला सवयच नाही. लोकांचे शेंगदाणे संपले. भटजी पोथी वाचायला म्हणून घरी गेले, ती उरकून परत आले, तरी हे दोघे तिथेच, बगळ्यांसारखे.

आणि भरती लागली.

पाणी आधी खुर्चीच्या पायांना लागले, मग माझ्या. ठमाबाई कोळीण काठावरून म्हणाली, "बाय, उठ गो आता. तुळशीचं राहिलं, तू दर्याशी लगीन लावतेस का काय?" सगळा गाव हसला. पण निकालाआधी पंच उठत नाही. खुर्ची वाळूत रुतू लागली, सायकलींची पायडले पाण्याखाली गेली, काठावरून दोघांचे पायही दिसेनासे झाले, तरी एकजण हलेल तर शपथ. त्याच सुमारास माझा बूट गेला. (वेळ वर दिलीच आहे.) आणि मग दयाराम सायकलीसकट आडवा झाला. ते पाणी साऱ्या श्रीवर्धनाच्या अंगावर उडाले, तेव्हा साक्षीदारांना तोटा नाही. मी बाळाजी जिंकल्याचे जाहीर केले. नंतर मला खुर्चीसकट खांद्यावर घेऊन आणले, अगदी गणपतीसारखे, फक्त पाण्याकडून घराकडे.

आज सकाळपासून पडवीत पाय ठेवायला जागा नाही. जे वाहन एवढा वेळ हलत नाही त्याची भीती कसली, असे सर्वांचे मत पडले आहे. आवडाबाई सुईण, जी चाकाकडे बघून पदर डोळ्यांवर घेई, ती सायकल शिकायला आली आहे. दयाराम मागून सीट धरून धावतो आणि बाळाजी ओरडतो. काल मी बोटीसाठी बाळाजीची ट्रंक माळ्यावरून खाली काढून ठेवली होती. आज ती पुन्हा वर चढवली, आणि महिन्यात पहिल्यांदा मला दोन घास जास्त गेले. मी पेन्शनीत इथे आले तेव्हा या घरात माणसाचा आवाज म्हणजे माझाच होता. आता सकाळी घंट्या वाजतात. कटकट आहे, पण असो.

तेव्हा त्या खुर्चीवर दुसरा कोणी बसवावा, आणि बसवल्याचे लेखी उत्तर सोमवार, ता. ३ डिसेंबरच्या आत मला मिळावे. बोटीवरच्या माणसाबरोबर तोंडी निरोप चालणार नाही.

तुमची
नीरा

ता. क. सायकलीच्या साखळीवर बसवायचे पत्र्याचे झाकण मुंबईत मिळते म्हणतात. एक पाठवावे. लुगड्याचा काठ साखळीत अडकतो. आवडाबाईंसाठी विचारते आहे.

दुसरा ता. क. आवडाबाई ठेंगण्या आहेत. झाकण उंच बाईच्या सायकलीचे हवे.

तिसरा ता. क. हे वहिनींना वाचून दाखवू नये. दयाराम पडला त्याआधी बाळाजीचा पाय टेकला होता. दुखऱ्या गुडघ्याचा, पाण्याखाली, फक्त माझ्या खुर्चीवरून दिसेल असा. माझ्याशिवाय तो दयारामालाही दिसला असला पाहिजे, कारण तो पडला त्यानंतर, आणि तोल जाऊन पडणारा माणूस आधी डोक्यावरची टोपी काढून हँडलला अडकवत नाही. रात्री जेवताना मी दयारामाला सरळ विचारले. म्हणाला, "मना त कायच दिसला न्हाय, बाय. तुमाला दिसला का?" कॉन्व्हेंटात मी खोटे न बोलणे शिकले आणि पुढे आयुष्यभर तेच मुलींना शिकवले. मी म्हटले, माझा चष्मा ओला झाला होता. तो झालाच होता. उत्तर ३ डिसेंबरच्या आत.