पूल शहाण्णव टक्के

४ जानेवारी, सकाळी ९.४०

संकल्प: (१) पहाटे पाचला उठणे. (२) रोजनिशी. (३) ऑगस्टअखेर पूल पूर्ण करणे. तिसरा सगळ्यांत सोपा.

आज मास्टरस्ट्रोक. दोन्ही काठांना वेगवेगळे ठेकेदार नेमले. चढाओढ लागेल, धावत येऊन मध्ये भेटतील. उंची कुठून मोजायची ते ठरवायला दोघांची एक मीटिंग घ्या, असं सर्व्हेअर म्हणत होता. मीटिंगमध्ये काम होत नाही, चहा होतो. ज्याने त्याने आपल्या काठावरून उंची मोजावी, असं सांगून टाकलं. प्रगती: ० टक्के, पण ठोस.

१९ फेब्रुवारी

सासरे इथले एकमेव नावाडी. बायको पलीकडच्या शाळेत शिकवते, रोज वडिलांच्याच नावेतून जाते. आज सासऱ्यांनी विचारलं, जावईबापू, पलीकडचे खांब ठेंगणे नाहीत ना? हलत्या नावेतून तसं दिसतं, याला ऑप्टिक्स म्हणतात, असं समजावलं. बरं, म्हणाले. चाळीस वर्षं नदीत काढली, पण निरीक्षण कच्चं. प्रगती: २२ टक्के.

२ मे

६१ टक्के. साहेबांना ऑगस्टअखेरचं लेखी दिलं.

शेवटच्या खांबाच्या सेंट्रिंगला, म्हणजे काँक्रीट ओतायच्या साच्याला, फळ्या कमी पडल्या. ट्रक आठवडाभर घाटात अडकलाय. मला घरबसल्या कल्पना सुचली. सासऱ्यांना म्हटलं, ऑगस्टनंतर तुमच्या नावेला कुत्रं विचारणार नाही, त्यापेक्षा फळ्या पुलाला द्या. पुलावर राखणदाराची नोकरी लावून देतो, असा शब्दही दिला. बायको म्हणाली, आधी पूल तर होऊ द्या. माझ्यावर विश्वास नाही का, असं विचारलं. ती नुसती बघत राहिली. म्हणजे आहे.

३ मे

नाव फोडली. सुताराला हात लावू दिला नाही, सासऱ्यांनी स्वतः एकेक खिळा उपटला. दिवसभर लागला. जेवले नाहीत. उन्हामुळे असेल. लाकूड मात्र उत्तम. प्रगती एका दिवसात तीन टक्के!

११ मे

बायको सुट्टीतल्या जादा वर्गांना आता बसने जाते. धरणावरून वळसा, जायला तीन तास, यायला तीन. पहाटे पाचला निघते, त्यामुळे मलाही पाचला जाग येते. संकल्प क्रमांक एक साधला. मग परत झोपतो.

१४ जून

बायको सासऱ्यांना घेऊन पलीकडे शाळेच्या खोलीत राहायला गेली. ऑगस्टपर्यंतचाच प्रश्न आहे. कुकरच्या किती शिट्ट्या करायच्या, हे फोन करून विचारलं. प्रगती: ८३ टक्के.

२६ ऑगस्ट

९६ टक्के! मधला एक गाळा तेवढा उरलाय. दोन्ही टोकं समोरासमोर आली. आपलं वर आहे, त्यांचं खाली. ऑप्टिक्स.

२७ ऑगस्ट

ऑप्टिक्स नाही. सव्वाचार फूट.

आपल्या ठेकेदाराने पंपहाऊसच्या पायरीपासून मोजलं, पलीकडच्याने शाळेच्या ओट्यापासून. दोघांच्या कागदावर सुरुवात शून्यच. पायरी आणि ओटा एका उंचीवर नाहीत, हे कुणीतरी मला सांगायला नको? सर्व्हेअर म्हणाला, जानेवारीत सांगितलं होतं. हल्ली माणसं फार लक्षात ठेवतात.

१८ सप्टेंबर

चौकशी समिती आली. तिघं जण. पलीकडे जायला नाव मागितली. नाव खांबाला वापरली, असं सांगितलं. अध्यक्षांनी मला दोनदा बोलायला लावून लिहून घेतलं. मग बसने गेले. पोचेपर्यंत अंधार पडला, खांब दिसेनात, तसेच परत फिरले.

काम बेमुदत बंद. दोन्ही ठेकेदार आज पहिल्यांदा एकमेकांशी बोलले. चूक माझी, यावर लगेच एकमत. जानेवारीतच मीटिंग घेतली असती तर... असो.

९ ऑक्टोबर

सासऱ्यांचा निरोप: फळ्या परत मिळतील का, नवी नाव बांधतो. गोडाऊनमध्ये गेलो. आपल्या सुतारांनी साच्याच्या मापाने सगळ्या कापल्यात. सर्वांत लांब तुकडा माझ्या कमरेइतका. सिमेंट चिकटलेलं. एका तुकड्यावर सासऱ्यांनी नावेवर रंगवलेला मासा अर्धा शिल्लक आहे. तो घरी आणला. कुठे ठेवावा कळेना, कपाटामागे ठेवला.

फळ्या शोधतोय, असं कळवलं.

३० ऑक्टोबर, दुपारी ४

पुलाच्या टोकापर्यंत चालत गेलो. समोर, सव्वाचार फूट खाली, सासरे पाय सोडून बसले होते. कसे आहात, असं ओरडून विचारलं. त्यांनी ओरडून विचारलं, राखणदारीचं काय झालं? ऐकू आलं नाही, असं दाखवलं. त्यांनी पुन्हा विचारलं नाही, आणि मला फार लाज वाटली. पाण्यात कुणीच नव्हतं. पूर्वी या वेळी ते माझ्या बायकोला नावेतून घेऊन यायचे.

घरी येऊन तिला फोन केला. इथे कधी येतेस, असं विचारायचं होतं. तिने विचारलं, पूल किती झाला? शहाण्णव टक्के, म्हटलं. ती म्हणाली, तुम्ही पूल हाती घेतलात त्याच्या आदल्या दिवशी नदी शंभर टक्के ओलांडता येत होती. चिडली नव्हती. नापास मुलाचे मार्क सांगावेत तसं सांगितलं आणि फोन ठेवला.

महिनाअखेरचा रिपोर्ट साहेबांना द्यायचाय. प्रगतीच्या रकान्यात ९६ लिहिलं. खोडलं. दुसरा आकडा लिहायला धीर होईना.