डाव्या हाताचं अक्षर

सांगली,
ता. १४ नोव्हेंबर १९४६

चि. सौ. त्रिशलास अनेक आशीर्वाद.

पाटीवर घासणाऱ्या तुझ्या लेखणीचा आवाज सकाळपासून कानात आहे. पाच वर्षांची होतीस. डाव्या हातानं गिरवायचीस, तोंडानं कविता चालू. मी आलो की दोन्ही बंद.

इकडे सर्व क्षेम. थंडी पडू लागली. अक्षर वाकडं आहे, पण लिहितोय मीच. दसऱ्यापासून माझा उजवा हात हलत नाही. दिवाळीला तुला बोलावलं नाही ते यासाठीच. मास्तराला आपलं वाईट अक्षर दाखवायची लाज वाटते.

मिरजेच्या डॉक्टरांनी समजावलं. हात धड आहे; बिघाड मेंदूत, तोही डाव्या बाजूला. डावी बाजू उजवा हात चालवते, उजवी डावा. मज्जातंतू मानेच्या वर एकमेकांना ओलांडून पाठीच्या कण्यात उतरतात. माझा हुकूम निघतो तिथंच अडतो. पण चहा सांडला तर चटका मात्र कळतो! कळण्याची वाट निराळी, हलवण्याची निराळी. मग त्यांनी गुडघ्याखाली हातोडी मारली, पाय टुणकन उडाला. म्हणाले, "मास्तर, हे उत्तर कण्यानंच दिलं. मेंदूला कुणी विचारलंच नाही."

पोरी, तेव्हा मला बरं वाटलं. वाटलं, तुझ्या बोटांवर बसायची ती माझी पट्टीही अशीच उसळत असेल.

नाही. शाळेला निघताना तुझा डावा हात लाल फितीनं पाठीशी बांधायचो, तेव्हा गाठ घट्ट बसली का, हे मी दोनदा पाहत असे. ते मेंदूला विचारूनच केलं. त्यानंतर तू कविता म्हटली नाहीस.

आता तू लिहितेस, "तुमची नात गुणमालाही डावखुरी. पुढच्या महिन्यात धाडते, उजव्या हाताचं वळण लावा." मी नाही लावणार. जावईबापूंनाही तसंच सांग. मी रोज शंभर ओळी डाव्या हातानं गिरवतो. मग कविता म्हणत उजव्या हाताच्या एकेका बोटाला ताल धरायला सांगतो. काल करंगळी हलली. सोडणार नाही.

थांब, दारात टांगा थांबला.

जावईबापू! पत्राचीही वाट पाहिली नाही. सोबत गुणमाला, डावा हात पाठीशी बांधलेला. म्हणाले, "मामा, पोर तुमच्या हवाली. म्हयन्यात सुदारली पायजे. हिच्या आईला तुमीच सुदारलं न्हवं?"

एका हातानं गाठ सुटेना. शेवटी दातांनी ओढली.

पोरीनं विचारलं, "आजोबा, तुमीबी डाव्या हातानं लिवता?"

व्हय, म्हटलं.

तुझा डावखुरा,
आप्पा