फ्लॅट सर्वेशला, शनिवार सरोजच्या वर्गाला

मी, मधुसूदन विनायक लेले, वय ७१, विद्यापीठाच्या परीक्षा विभागातून निवृत्त, राहणार डोंबिवली पूर्व, हे मृत्युपत्र स्वखुशीने लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. कोणाचा दबाव नाही. असता तर तो माझी पत्नी सरोज हिचा असता, आणि तिला जाऊन दोन वर्षे झाली.

१. सरोजला जन्मापासून ऐकू येत नव्हते. भांडण झाले की ती डोळे मिटून घेई. माझी बाजू तिथेच संपे. शेवटची अकरा वर्षे ती दर शनिवारी विद्यापीठात खुणांची भाषा शिकवत असे. बहिऱ्या मुलांना नव्हे, तर कारकून, प्राध्यापक आणि कॅन्टीनवाल्यांना. "मुलांना येते. अडाणी तुम्ही आहात," असे ती पहिल्याच तासाला फळ्यावर लिही.

२. ती गेल्यावर विभागप्रमुखांनी वर्गाची खोली काढून घेतली. मी भेटलो तेव्हा म्हणाले, "लेलेसाहेब, तुमच्या वर्गात आवाजच नसतो. मग कुठेही बसा की! जिन्यात बसा." जिन्यात उजेड नाही आणि अंधारात ही भाषा मुकी होते, हे मला त्या वेळी सुचले नाही. सबब येथे लिहीत आहे.

३. माझा राहता फ्लॅट माझ्या पश्चात मुलगा सर्वेश याचा. अट एकच. दर शनिवारी दुपारी चार ते सहा दिवाणखाना सरोजच्या वर्गाला द्यावा. वर्ग तिची मदतनीस ऐश्वर्या भोईर, जिलाही ऐकू येत नाही, चालवील. विद्यापीठ कायमची, उजेडाची खोली देईल त्या दिवशी ही अट संपेल. तोवर फ्लॅट विकता येणार नाही.

हे ऐकून सर्वेश म्हणाला, "म्हणजे बाबा, मी विद्यापीठाच्या मागे लागायचं?"

"मी लागून पाहिलं, मला जमलं नाही. तू सेल्समध्ये आहेस."

४. बँकेतील ठेव सर्वेश आणि वर्ग यांनी निम्मी निम्मी घ्यावी. बेल दाबली की पेटणारा तांबडा दिवा ऐश्वर्याला. तो वागळे इस्टेटमधल्या एका कारागिराकडून करून घेतला होता. सोबत माझा पान्यांचा डबा, कारण दिवा दर पावसाळ्यात बिघडतो.

५. विभागप्रमुखांना बोटांच्या मुळाक्षरांचा तक्ता, फ्रेमसहित. निदान स्वतःचे नाव यावे.

६. माझ्या शोकसभेत दोन मिनिटे शांतता पाळू नये. सरोजसाठी विद्यापीठाने पाळली होती. तिच्या बहिऱ्या स्नेह्यांना ती कधी सुरू झाली आणि कधी संपली, काहीच कळले नाही. सगळे एकदम माना खाली घालून उभे राहिलेले पाहून ऐश्वर्याने मला खुणेने विचारले, "काय पडलंय?" आणि मी, माझ्या बायकोच्या शोकसभेत, हसलो. ते अनेकांनी पाहिले. त्याबद्दल माझी कोणाकडेही क्षमायाचना नाही.

७. साक्षीदार म्हणून मी विद्यापीठाच्या छापखान्यातील जगन म्हात्रे यांना बोलावले. वकील शिवानीताई मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "काका, यांना ऐकू येत नाही. उद्या कोर्टात कोणी हरकत घेतली तर?" मग त्यांनीच कायदा काढून पाहिला. साक्षीदाराने सही होताना पाहिली पाहिजे, एवढेच त्यात आहे. पाहण्यात जगनचा हात कोणी धरणार नाही.

८. खाडाखोडीबाबत. जगनने सगळा मजकूर वाचला आणि कलम तीनपाशी पेन खाली ठेवले. "दोन तास कमी पडतात. साडेसहा करा," अशी खूण केली. मी खुणेनेच सांगितले की साक्षीदाराला मजकूर बदलता येत नाही, आणि घर आता सर्वेशचे होणार, त्याला विचारा. जगनने त्याच्याकडे पाहिले. आई गेल्यापासून सर्वेशने घरात एकही खूण केली नव्हती. त्याने खिशातून हात काढले.

"सात," तो म्हणाला, हातांनी.

तरी कलम तीनमध्ये "सहा" खोडून "सात" केले आहे. ती खाडाखोड माझी असून मला मान्य आहे. म.वि.ले.

हे मृत्युपत्र मी वाचून, समजून, त्यावर खालील दोघांच्या डोळ्यांदेखत सही केली.

मधुसूदन विनायक लेले

साक्षीदार:
१. जगन म्हात्रे, ठाणे
२. डॉ. क्षिप्रा गोखले, शेजारी

डोंबिवली, शनिवार, १४ जून २०२५